तांब्याचे तोंड आणि तांब्याचे बूड

चित्रकलेशी ज्याचा कधी संबंध आला नाही अशा एखाद्या प्रौढ गृहस्थापुढे कोरा कागद ठेवावा आणि जमिनीवर ठेवलेला पितळी तांब्या त्यास पाहून काढावयास सांगावे. बहुतेक वेळा काय होते ते ठरलेले आहे. तांब्याचे तोंड तो जवळजवळ पुरे गोल काढतो आणि बूड मात्र पट्टी लावून आखल्यासारखे सरळ. या दोन्ही गोष्टी त्यास ठाऊक असलेल्या आहेत. तोंड गोल आहे, कारण त्यातून हात घालून त्याने तांब्या घासला आहे. बूड सपाट आहे, कारण तांब्या न डगमगता उभा राहतो. परंतु त्याच्या जागेवरून त्यास जे दिसते ते यांपैकी काहीच नाही. तोंड दिसते ते दबलेल्या लंबवर्तुळासारखे, आणि बुडाची पुढची कड दिसते ती खाली फुगलेल्या कमानीसारखी, तोंडाहूनही अधिक गोलाईची. हा गृहस्थ एकाच चित्रात दोन ठिकाणी उभा असतो: तोंड काढताना तो वरून वाकून पाहतो आणि बूड काढताना जमिनीस गाल लावून.

ही चूक मी बालाघाट येथे फार जवळून पाहिली. तेथील एका देवळाच्या सभामंडपात रविवारी सकाळी काही मंडळी चित्र काढावयास बसत, आणि त्यांना आरंभीचे धडे देण्याचे काम काही काळ माझ्याकडे आले होते. शाळकरी मुले होती, दोन-तीन सुना होत्या, टपालखात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. बालाघाट हा जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी यांचे भाग तोडून बनला. पुढे १९५६ पर्यंत तो नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, आणि त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला भंडारा एकीकडे गेला व बालाघाट दुसरीकडे राहिला. त्यामुळे मंडपात एकाच भांड्याला तीन नावे होती. नागपूरकडचे त्यास गडवा म्हणत, हिंदी घरांतले लोटा म्हणत, मी तांब्या म्हणे. आमच्या कोकणी वाचकांच्या घरी तो तांब्यो झाला असता. नावे निराळी, पण तोंड सर्वांनी गोल काढले होते आणि बूड सर्वांनी सरळ.

या चुकीला मी दोष मानीत नाही. शिक्षणाचा आरंभ तिच्यापासूनच व्हावयाचा असतो. तक्रार आहे ती या चुकीचे आपले चित्रशिक्षण आजवर काय करीत आले याविषयी.

माझ्या लहानपणीच्या शाळेत फळ्यावर एक छापील तक्ता टांगलेला असे. त्यावर एक सुरई होती. मध्ये उभी रेघ, तिच्या दोन्ही अंगांस सारख्या अंतरावर खुणा, आणि त्या खुणांतून जाणारी वळणे. आम्ही ती रेघ आखली, खुणा केल्या, वळणे जोडली, आणि सुरई झाली. पुढे त्याच रीतीने तांब्या झाला, फुलदाणी झाली. माझे काम गुरुजींस पसंत पडे. माझ्या शेजारच्या मुलाच्या सुरईचे पोट एका अंगाने सुटले, तेव्हा ‘तुझा हात या कामाचा नाही’ असे त्यास सांगण्यात आले आणि त्याने ते खरे मानले. आज वाटते की आम्हा दोघांचे नुकसान सारखेच झाले होते. त्याची पेन्सिल सुटली. माझ्या हाती ती राहिली, पण तांब्या मी कित्येक वर्षे पाहिलाच नव्हता, आणि आपण तो पाहिलेला नाही याचा मला पत्ताही नव्हता.

हा तक्ता आला कोठून, ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात १८५० नंतरच्या दशकात हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी सरकारी चित्रशिक्षणाचा जो क्रम बांधून दिला त्यास साउथ केन्सिंग्टनची पद्धती असे नाव पडले. तो तेवीस पायऱ्यांचा होता. आरंभी उपकरणांनी रेघा, मग सपाट नमुन्यावरून नक्षीची बाह्यरेषा, आणि त्यानंतर घनवस्तू व छायाभेद. हेतू स्पष्ट होता. इंग्रजी कारखान्यांच्या मालावरची नक्षी फ्रेंच मालापुढे फिकी पडत होती, आणि ती सुधारण्यास शिस्तीने रेघ ओढणारे हात हवे होते. ‘फ्रीहँड’ हा शब्द या क्रमात ज्या अर्थाने येतो त्याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तेथे त्याचा अर्थ एवढाच की पट्टी व कंपास यांवाचून रेघ ओढणे. समोर असे ती छापील नक्षीच. आपण त्याचे भाषांतर ‘मुक्तहस्त’ असे केले, आणि त्या सुंदर शब्दामुळे आपली अशी समजूत झाली की विद्यार्थ्यास काही स्वातंत्र्य मिळाले आहे. हात मोकळा झाला होता खरा, डोळा बांधलेलाच राहिला.

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे वर्ग मार्च १८५७ मध्ये सुरू झाले. सर जमशेटजींनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली होती ती १८५३ मध्ये. त्याच १८५७ मध्ये लंडनात जॉन रस्किन यांचे ‘एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हे नवशिक्यांसाठी लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. रस्किन हे १८५४ पासून कामगारांच्या एका विद्यालयात रात्री चित्रकला शिकवीत होते, आणि कोल यांच्या पद्धतीचे ते कडवे विरोधक होते. त्यांचा विद्यार्थी पहिल्या धड्यांनंतर लवकरच एक साधा गोल दगड हाती घेतो आणि त्यावर उजेड कसा सरकतो ते कागदावर उतरवू लागतो. कारखान्याला उपयोगी पडणारा हात घडविण्यात रस्किन यांना रस नव्हता. माणसास पाहता यावे एवढेच त्यांना हवे होते. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन गोष्टींपैकी आपल्या वाट्यास तक्ता आला, दगड आला नाही.

मुंबईच्या शाळेने तक्त्यांपलीकडे काही केलेच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भिंतींच्या प्रतिकृती करवून घेतल्या, आणि अंधाऱ्या लेण्यांत भिंतीसमोर बसून केलेली ती नक्कल छापील नमुन्याच्या नकलेहून फार वेगळी होती. लॉकवुड किपलिंग यांनी विणकर, कुंभार, सुतार यांना कामावर बसलेले असताना पाहून जी रेखाटने केली ती आजही पाहत बसावीशी वाटतात. पुढे १९१९ च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत माणसावरून चित्र काढण्याचा वर्ग आणला. परंतु हे सर्व वरच्या मजल्यावर झाले. खाली, जिल्ह्याच्या शाळेत आणि तालुक्याच्या वर्गात पोहोचला तो तक्ता. पाझर नेहमी अशा रीतीने होतो की सत्त्व वर राहते व गाळ खाली येतो.

महाराष्ट्रात आज एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा होतात. एका पिढीमागून दुसऱ्या पिढीने त्या दिल्या आहेत, आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती रंग-कागद येण्यास त्या कारण झाल्या हे मान्यच केले पाहिजे. त्यात वस्तुचित्र हा विषय आहे. म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू पाहून काढावयाच्या. दगड अखेर आला, असे वाटावे. परंतु परीक्षेच्या तयारीचे जे वर्ग चालतात त्यांपैकी पुष्कळांत वस्तुचित्राचेही पाठांतर होते. एक घागर, एक फळ, एक पुस्तक, मागे पडदा. घागरीवरचा चकाकता ठिपका डाव्या खांद्यावर, सावली उजवीकडे. खिडकी कोणत्याही बाजूस असो, ठिपका डाव्याच खांद्यावर पडतो. स्मरणचित्राची गत याहून वाईट. ज्यात मुलाने पाहिलेले आठवावयाचे, त्यात ते शिकविलेले आठवते. मिळणारी श्रेणी दहावीच्या गुणांत भर घालते, म्हणून पालकही याविषयी कुरकूर करीत नाहीत.

या तक्त्याचा नवा अवतार म्हणजे हातातला फोन. बालाघाटच्या मंडपात एक मुलगी समोरच्या समईचे छायाचित्र घेऊन, समईकडे पाठ करून, फोनवरून चित्र काढू लागली. तिचे चुकले असे मला प्रथम वाटेना, कारण चित्र चांगले येत होते. परंतु घन वस्तू सपाट कशी करावयाची हा चित्रणातला खरा प्रश्न तिच्यासाठी यंत्राने आधीच सोडविला होता, आणि यंत्राला एकच डोळा असतो. मी तिला एवढेच विचारले की, ‘बाई, समईच्या पलीकडची बाजू कशी आहे?’ ती उठली, समईभोवती फिरून आली, आणि फोन पिशवीत ठेवून पुन्हा बसली.

या सर्वांविरुद्ध एक दुसरे टोक आहे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी चित्रवर्ग काढला आणि मुलांनी मोठ्यांची नक्कल करू नये, आपले मनातले काढावे, हा विचार तेथून जगभर गेला. विचार थोर होता व लहान मुलांच्या बाबतीत तो खराच आहे. सहा वर्षांच्या मुलास लंबवर्तुळ शिकविणाऱ्याने दुसरा धंदा पाहावा. परंतु आपल्या शहरांतल्या सुट्टीच्या शिबिरांत हा विचार ज्या रूपाने येतो ते पाहिले की वाटते, शिकविण्याचे कष्ट टाळण्यास एक सुसंस्कृत सबब मिळाली. आणि प्रौढ नवशिक्यास ‘हवे ते काढा’ असे सांगणे ही तर निष्ठुरताच. टपालखात्यातल्या काकांस हवे होते ते त्यांना काढता येत नव्हते, म्हणूनच ते आले होते.

तिसरी एक वाट आपल्याच देशात, आणि बालाघाटपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, चालून दाखविलेली आहे. नंदलाल बसू यांना गांधीजींनी १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी बोलाविले तेव्हा त्यांनी खानदेशातल्या त्या गावी बांबू व आसपास मिळणाऱ्या साहित्यातूनच नगर उभारले. १९३८ च्या हरिपुऱ्यास त्यांनी जी चित्रे केली त्यांत ढोलकी वाजविणारा, दोर वळणारा, कुटणारी बाई अशी कामाची माणसे आहेत. नंदलाल यांच्याजवळ कार्डे असत, आणि जे दिसेल ते त्यावर टिपण्याची त्यांची सवय अखेरपर्यंत सुटली नाही. बकरी, झाड, पायवाट, भांडे, काहीही. त्यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत चित्रशिक्षक म्हणून आले व १९६२ पर्यंत राहिले. तेथे मुले सूत काढीत, भाजी पिकवीत, संडास स्वच्छ करीत आणि त्याच दिवसक्रमात चित्रेही काढीत. जी वस्तू मुलाने सकाळी हाताळली ती दुपारी कागदावर येई. चाते, टोपली, विहिरीचा रहाट. तक्त्याची तेथे गरजच पडली नाही, आणि मुलास वाऱ्यावरही सोडले गेले नाही. हाताळलेली वस्तू स्वतःच शिस्त लावते. देवीप्रसाद स्वतः पुढे नामांकित कुंभार झाले, याचे मला नवल वाटत नाही.

आता प्रत्यक्ष शिकविण्याकडे येतो. नवशिक्यापुढे काय ठेवावे? आपल्या वाचकांच्या घरी आणि देवळांत जे आहे त्यातूनच मी दोन वस्तू निवडतो.

पहिली समई. दोन फुटांची समई जमिनीवर ठेवावी आणि विद्यार्थ्यांनी मांडी घालून तिच्यापासून पाच-सहा हातांवर बसावे. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतो, म्हणजे समईच्या तेलपात्राच्या किंचित वर. म्हणून तेलपात्राची गोल कड अगदी दबलेली, जवळजवळ रेघेसारखी दिसते. खाली दांड्यावरची कडी थोडी अधिक उघडलेली दिसते, तिच्याखालची त्याहून अधिक, आणि बैठकीचे वर्तुळ सर्वांत मोकळे. एकाच समईत ही वर्तुळे वरून खाली क्रमाने डोळे उघडीत जातात. तक्त्यावर शिकलेला विद्यार्थी सर्व वर्तुळे एकाच मापाने दाबतो, म्हणून त्याची समई पत्र्यातून कापून काढल्यासारखी दिसते. मंडपात हे समजेना तेव्हा आम्ही सर्वांनी जमिनीवर पोटाशी पडून समई पाहिली, मग उभे राहून पाहिली. पोटाशी पडल्यावर तेलपात्राचा आतला भाग नाहीसा झाला आणि त्याची खालची बाजू दिसू लागली. पुजारीबुवा हा प्रकार काहीशा शंकेने पाहत होते. पण नंतर आपणही वाकून पाहून गेले.

ज्यांच्या गावी दगडी गोल दीपमाळ आहे त्यांनी तिच्यासमोर उभे राहून हाच नियम तपासावा. डोळ्याच्या उंचीवरचा थर सरळ दिसेल, त्याच्या वरचे थर वर कमान करून जातील, खालचे खाली. लहानपणापासून आपण तिच्याभोवती प्रदक्षिणा घालीत आलो. किती जणांनी हे पाहिले आहे?

माप घेण्याची जुनी रीत येथे कामी येते. पेन्सिल धरलेला हात कोपरात न वाकविता पुरा ताणावा, एक डोळा मिटावा, आणि समईची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने धरून ती उंचीत किती वेळा बसते ते मोजावे. कोपर सरळच का, हे शिकविणारे पुष्कळदा सांगत नाहीत. हात वाकला की पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते आणि प्रत्येक वेळी माप निराळे मिळते. ताणलेला हात हे अंतर कायम ठेवतो. कारण सांगितले की माणूस नियम पाळतो, न सांगितले तर तो केवळ चित्रकारासारखी ऐट करतो.

दुसरी वस्तू सूप. हे मी मुद्दाम निवडतो, कारण त्यास मधली रेघ नाही, लंबवर्तुळ नाही, आणि तक्त्यांत ते कधी आलेले माझ्या पाहण्यात नाही. बालाघाटभोवती बांबूचे मोठे जंगल आहे आणि सुपे, टोपल्या, डालगी बाजाराच्या दिवशी रचून ठेवलेली असतात. सूप तीन अंगांनी उचललेले, चौथ्या अंगास मोकळे. नवशिका प्रथम विणीच्या मागे लागतो. एक पट्टी वर, एक खाली, असे काढीत जातो, आणि दहाव्या पट्टीस सूप कोठे चालले आहे हे त्यास कळेनासे होते. त्यास विणीपासून दूर न्यावे लागते. सूप भिंतीस टेकवून ठेवावे. सुपाची पाठ, भिंत आणि जमीन यांच्यामध्ये अंधाराचा एक तिरपा त्रिकोण पडतो. विद्यार्थ्यास म्हणावे, सूप काढू नका, तो अंधार काढा. अंधाराला नाव नाही आणि कोणी त्याची आकृती पाठ केलेली नाही, म्हणून तो दिसतो तसाच कागदावर येतो. आणि त्रिकोण बरोबर आला की सुपाची एक बाजू आपोआप आलेली असते. टपालखात्यातल्या काकांचे पहिले बरे चित्र हे होते. आपल्या हातून सूप उतरले यावर त्यांचा बराच वेळ विश्वास बसेना.

सुपाविषयी आणखी एक गोष्ट, जी चित्रकलेच्या मासिकात कदाचित लिहिली नसती, पण या मासिकात लिहिली पाहिजे. नैवेद्याचे तांदूळ सुपात पाखडले जातात. कोकणात गौरीचा ओवसा सुपातून दिला जातो. आपल्या घरातल्या पवित्र प्रसंगी सूप पुढे असते, आणि ते विणणारा बुरड मात्र पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर उभा राहून पैसे घेऊन गेला. मंडपातल्या मुलांना सुपाची कड काढावयाची होती तेव्हा ती कशी बांधली आहे ते कोणासच सांगता येईना. शेवटी बाजारातून सूप विणणाऱ्या एका बाईंना बोलाविले. त्या मंडपात येऊन बसाव्यात की पायरीवर, याविषयी थोडी कुजबूज झाली. त्या स्वतःच पायरीवर बसू लागल्या. तेव्हा मुले उठून पायरीशी गेली, कारण तेथून त्यांच्या हातांची हालचाल जवळून दिसत होती. त्या दिवशी सर्व वर्ग पायरीवरच झाला. मुलांनी सूप काढले, मग सूप धरलेले हात काढले. हात कोणालाच नीट जमले नाहीत.

नक्कल सर्वथा त्याज्य, असे मी म्हणत नाही. आपल्याकडील शिल्पी तालमानाच्या मापांनीच मूर्ती घडवितो आणि बापाची रेघ मुलगा वर्षानुवर्षे गिरवितो. ही परंपराही साच्याचीच, असे कोणी म्हटल्यास ते खोटे नाही. फरक इतकाच की तेथे मुलगा बापाचा चालता हात पाहत असतो. रेघ कोठे दाबली, कोठे सैल सोडली, कोठे श्वास घेतला, हे त्यास दिसते. छापील तक्त्यात हात गळून पडलेला असतो. आमच्या लेखांतून षडंगाची यादी हल्ली फार वेळा, केवळ शोभेसाठी, येते; मीही ती येथे आणतो ती एकाच कारणासाठी. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत आलेल्या या सहा अंगांत रूपभेद पहिला, प्रमाण दुसरे आणि सादृश्य पाचवे. एका रूपाहून दुसरे रूप निराळे ओळखणे आधी. हुबेहूबपणा पुष्कळ मागाहून. आमचे परीक्षावर्ग सादृश्यापासून आरंभ करतात.

खोडरबराविषयीही लिहिले पाहिजे. मी मंडपात तो आणू दिला नाही आणि त्यावरून नाराजी झाली. परंतु गोव्याच्या काही देवळांच्या भिंतींवर जे कावीचे काम आहे ते ज्यांनी पाहिले असेल त्यांस माझे म्हणणे पटेल. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या हुरमुंजीचा थर देऊन, तो ओला आहे तोवर टोकदार सळईने खरडून खालचा पांढरा चुना उघडा करावयाचा. येथे गेलेली रेघ परत येत नाही. वेलीच्या वळणात कोठे हात चुकला असेल तर कारागिराने ते वळण पुढे नेऊन त्यातून दुसरे पान काढलेले असते. आपल्या अंगणातली रांगोळीही खोडरबरावाचूनच निघते. ठिपक्यांची रांगोळी ही खुणा जोडण्याची करामत आहे, तिला मी या चर्चेत धरीत नाही. परंतु हाताने सोडलेली मोकळी वेल काढणाऱ्या बाया आमच्या वर्गात आल्या तेव्हा त्यांची रेघ इतरांहून कितीतरी धीट होती. त्यांना रेघ शिकवावी लागली नाही. त्यांना अवघड गेले ते रेघ सोडून समोर पाहणे. चुकीची रेघ कागदावर तशीच राहू द्यावी आणि शेजारी दुसरी काढावी. मागच्या चुकीवरून पुढची रेघ किती सरकवावयाची ते कळते. खोडले की ते मोजमापच नाहीसे होते.

अमेरिकेतले एक शिक्षक किमॉन निकोलाइडिस यांचे ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये निघाले. त्यात कागदाकडे न पाहता, केवळ वस्तूच्या कडेवरून डोळा हळूहळू फिरवीत त्याच गतीने पेन्सिल चालविण्याचा अभ्यास आहे. चित्र वेडेवाकडे येते, मुले हसतात. पण पितळी कळशीच्या, म्हणजे कोकणीतल्या कळशाच्या, काठावर पडलेला पोचा असा अभ्यास करतानाच प्रथम कागदावर आला. तोवर सर्वांनी नवी कोरी कळशी काढली होती. समोरची मात्र तीन ठिकाणी चेपलेली होती आणि तिचा एक पोचा कोणाच्या तरी सासूच्या हातून विहिरीवर पडल्याचा होता. त्या कळशीची मालकीण वर्गातच होती. पितळ मोडीत घालून स्टील घेण्याचे तिच्या घरी ठरत आले होते. चित्र झाल्यावर तिने कळशी परत नेली. पुढे तिचे काय झाले ते मी विचारले नाही.

बालाघाटच्या शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी १९२२ मध्ये सैयद हैदर रझा जन्मले. त्यांचे लक्ष अभ्यासात लागत नसे म्हणून प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसावयास सांगितले, ही आठवण ते वृद्धपणीही सांगत आणि आपल्या ‘बिंदू’चे मूळ तेथे आहे असे म्हणत. दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, एका गोवेकर कुटुंबात नागपूर येथे वासुदेव गायतोंडे जन्मले. रझा नागपूरच्या कलाशाळेतून मुंबईस गेले. दोघेही पुढे जे. जे. मध्ये शिकले आणि दोघांनीही नंतर वस्तू पार सोडून दिली. आमच्या काही तरुण मित्रांचे म्हणणे असे की, ज्या कलेचा शेवट ठिपक्यात व रिकाम्या रंगात होतो तिच्या आरंभी तांब्या-समई कशास? मला हा तर्क पटत नाही. रझांना त्या शिक्षकांनी ठिपका काढावयास सांगितला नव्हता, पाहावयास सांगितला होता. आणि गायतोंडे यांच्या कॅनव्हासवर रंग ज्या धीराने थरावर थर बसलेला आहे तो धीर ठिपका डाव्याच खांद्यावर ठेवणाऱ्या हातात येत नाही.

खर्चाचा प्रश्न बहुतेक ठिकाणी सबब म्हणून पुढे येतो. एक टू बी पेन्सिल, कॅलेंडराच्या मागच्या कोऱ्या बाजू, आणि टेकू म्हणून पोळपाट. बालाघाटला आम्हांस याहून अधिक लागले नाही. काही मुलांनी पाटीवर काढले, एकाने चुलीतल्या कोळशाने फरशीवर, ज्याबद्दल पुजारीबुवांची बोलणी मी खाल्ली. शिकविणारा मिळणे मात्र कठीण. तक्ता टांगून बाहेर चहास जाता येते. समईपुढे बसविलेल्या वीस जणांच्या मागून फिरताना प्रत्येकाच्या जागी वाकून, त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आपला डोळा आणून पाहावे लागते, कारण तिसऱ्या ओळीतल्याची समई पहिल्या ओळीतल्याच्या समईसारखी नसते व नसावी. एका दुपारी वीस चित्रे झाली आणि त्यांतल्या दोन समया सारख्या नव्हत्या. मुलांना प्रथम वाटले की एकोणीस जणांचे चुकले.

शासकीय परीक्षांचे वस्तुचित्र मांडणाऱ्यांस माझी एक विनंती आहे. घागर, फळ आणि पडद्याऐवजी एखाद्या वर्षी भिंतीस टेकलेले जुने सूप ठेवावे, आणि शेजारी एक पोचा आलेली कळशी. वर्गांच्या पाठांतरात या दोन्ही नाहीत. त्या वर्षी निकाल कदाचित खाली येईल.